पप्पांचा कोट रोज चर्चला जातो

आमच्या चर्चमध्ये देवाखालोखाल कोणाचं चालत असेल तर ते हेडबाईंचं. पाळकसाहेबांचा नंबर त्यानंतर लागतो, आणि ही गोष्ट तेसुद्धा मान्य करतात. हेडबाई समोर असल्या तर जरा लवकर मान्य करतात.

हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण जन्माची सवय काय शेवटची घंटा झाली म्हणून घरी जाते थोडीच? स्वयंसेवकांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. झाडलोट कोणी करायची, फुलं कोणी बदलायची, घंटेची दोरी कोणी ओढायची, आजारी माणसाकडे फळं घेऊन कोणी जायचं, सगळं त्या ठरवतात. मी चहावर आहे. रविवारी उपासना संपली की मोठी किटली घेऊन दाराशी उभी राहते. चहा पातळ झाला तर हेडबाई मला काही बोलत नाहीत, नुसत्या कपात बघत राहतात. त्यापेक्षा दोन शब्द ऐकवलेले परवडले.

तर यंदा चर्चला पन्नास वर्षं पूर्ण व्हायची होती. ती साजरी कशी करायची यावर कमिटीत बरीच भवति न भवति झाली. कोणी म्हणालं छप्पर दुरुस्त करा, कोणी म्हणालं निदान गळणारा नळ तरी बदला. शेवटी त्यातल्या त्यात स्वस्त काय ते बघून एकमताने मंजूर झालं. फोटो! सकाळच्या प्रार्थनेचा रोज एक फोटो, वर्षभर, एकाच जागेवरून. वर्ष संपलं की सगळे फोटो पडद्यावर भराभर एकापाठोपाठ एक दाखवायचे. खिडकीतलं ऊन सरकेल, फुलं बदलतील, आणि मंडळी मात्र आपापल्या जागी अढळ. 'अढळ' या शब्दावर पाळकसाहेबांनी पुढच्याच रविवारी एक प्रवचनही उरकून घेतलं.

काम गेलं एक्सरेकाकांकडे. त्यांनी आयुष्यभर इस्पितळात एक्सरे काढले. निवृत्त झाल्यावर मुलीने कॅमेरा घेऊन दिला, तेव्हापासून दिवसाला एक फोटो काढल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. कधी कुंपणावरची मांजर, कधी दोरीवर वाळत घातलेले मोजे. दिवसाला एक म्हणजे एकच. दुसऱ्यांदा बटण दाबायचं नाही, हा त्यांचा इस्पितळातला बाणा. माणसाला उगाच दोनदा कशाला किरण द्यायचे, म्हणतात. कॅमेऱ्यात किरण नसतात हे त्यांना कोणी समजावत बसत नाही.

फोटो काढायची तऱ्हाही तीच. पाळकसाहेब शेवटच्या आमेनच्या जवळ आले की मागून, दाराजवळून, आवाज येतो, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." सगळी मंडळी श्वास रोखते. पाळकसाहेबही रोखतात. "सोडा" असं ऐकू आलं की मग आमेन. नवीन आलेल्या माणसाला वाटतं, हा आमचा काही जुना विधीच असावा.

कॅमेरा मागे असल्यामुळे फोटोत नुसत्या पाठी येतात. हेडबाई म्हणाल्या, ते बरंच आहे, चेहरे आले की रुसवेफुगवे येतात. फोटो लगेच चर्चच्या ग्रुपवर पडतो, आणि जे सकाळी अंथरुणातून उठत नाहीत ते अंथरुणातूनच त्याला अंगठा दाखवतात.

इथवर ठीक होतं. पण हेडबाईंना त्या फोटोचा एक उपयोग सापडला. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा आणि बाक तपासायचे. ज्याची जागा सलग तीन दिवस रिकामी, तो आजारी. भेट-गट फळं घेऊन त्याच्या दारात हजर. पूर्वी कोण आजारी आहे हे एकमेकांना विचारावं लागायचं, त्यात गप्पा व्हायच्या, वेळ जायचा. आता विचारायची गरजच राहिली नाही. बेकरीवाल्या ताईंनी खिडकीच्या वाऱ्याला कंटाळून बाक बदलला, तर चौथ्या दिवशी भेट-गट त्यांच्या बेकरीत जाऊन उभा. ताई कोपरापर्यंत पिठात, घामाघूम, धडधाकट. गटाने तिथेच डोळे मिटून त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. ताईंनी फळं ठेवून घेतली.

आता माझे सासरे. आम्ही त्यांना पप्पा म्हणतो. पप्पांनी जन्मभर टपाल वाटलं. आसपासच्या प्रत्येक घराचं फाटक त्यांच्या हाताखालून गेलेलं. कोणाचं फाटक करकरतं, कोणाचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणाचा खरंच चावतो, सगळं पाठ. चर्चमध्ये त्यांची जागा ठरलेली, तिसऱ्या बाकाचं वाटेकडचं टोक. अंगात तपकिरी कोट, जरासे कललेले. कलायचे ते शेजारच्या घड्याळकाकांकडे. घड्याळकाकांनी दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करता करता स्वतःचे डोळे घालवले. दोघांची मैत्री माझ्या लग्नाच्या आधीची, आमच्या ह्यांच्या जन्माच्याही आधीची.

पप्पांना प्रार्थनेत खोकला यायचा. एरवी नाही, प्रार्थनेतच. खोकला सुरू झाला की घड्याळकाका मान न वळवता खिशातून गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचे. मग कागदाची चुरचुर. पाळकसाहेब तेवढ्यापुरते थांबायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नसेल.

आणि एके दिवशी पप्पा जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि तीन फोटोंत जागा रिकामी दिसल्याबरोबर भेट-गट इस्पितळात आला. मी खोटं बोलणार नाही, बरं वाटलं. हेडबाईंनी उशाशी उभं राहून प्रार्थना केली, पाळकसाहेबांनी तिला आमेन म्हटलं. घड्याळकाका तेवढे नव्हते. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेले होते.

पप्पा घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने बाहेर पडायचं नाही. आठवडा गेला असेल, हेडबाई आणि एक्सरेकाका आमच्या दारात. फळं नव्हती, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"पोस्टमनकाका, तुमच्यावाचून सगळं अडलंय हो," हेडबाई म्हणाल्या.

पप्पांचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच मनाची लाज वाटली.

"तिसरा बाक उघडा पडलाय," एक्सरेकाका म्हणाले. "सगळे फोटो कसे जमून आलेत, आणि मध्येच तुम्ही गायब. पडद्यावर दात पडल्यासारखं दिसेल."

"म्हणून म्हटलं, तुम्ही बरे होईपर्यंत तुमचा कोट द्या. कोणीतरी घालून बसेल. पाठच तर दिसते," हेडबाई म्हणाल्या.

मला वाटलं पप्पा आता भडकणार. कसले भडकतात! उशीला टेकून सरसावून बसले आणि सूचना द्यायला लागले. "फार ताठ बसू नये. मी जरा कलतो. आणि मध्येच माझी मान खाली जाते, तशी गेली पाहिजे. ती झोप नसते, मनन असतं."

"माहीत आहे आम्हाला," हेडबाई म्हणाल्या.

मी मध्ये तोंड घातलं. "अहो, थंडीचा एवढा एकच कोट आहे त्यांच्याकडे."

"घरात कशाला लागतोय कोट?"

"देऊन टाक गं सूनबाई," पप्पा म्हणाले. "देवाचं काम आहे. ब्रश मारून दे."

मी ब्रश मारून दिला. किटलीवालीचं कोण ऐकतंय?

कोट चर्चला गेला आणि त्याच्यासाठी माणसाचा शोध सुरू झाला. बेकरीवाल्या ताईंना तो खांद्यावर बसेना. गणिताच्या मास्तरांच्या अंगात गेला, पण मास्तर उंच, मागच्या बाकाचा अर्धा माणूस झाकला गेला. शेवटी प्लंबर सापडला. पप्पांच्याच अंगाचा, दिवसभर वाकून काम करून पाठीला तसाच बाक आलेला, आणि पहाटे उठलेला असल्यामुळे मान आपोआप खाली जाणारा. हेडबाई खूश झाल्या. एक गोष्ट तर फारच पसंत पडली, तो खोकत नव्हता. "प्रार्थना कशी शांत होते हल्ली," असं त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी त्यांच्या कपात चहा जरा कमी ओतला. माझ्या हातात तेवढंच होतं.

ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी आनंदीआनंद. "पोस्टमनकाका परत आले! केवढी कृपा!" त्याखाली जोडलेले हात, फुलं, अंगठे. मी लिहिलं, "ते पप्पा नाहीत, कोट आहे." त्यालाही अंगठे आले. वाचतं कोण?

आणि गंमत बघा, पप्पांनाही सुरुवातीला त्यात रंगत वाटायची. सकाळी चहाबरोबर माझा मोबाईल मागायचे, फोटो डोळ्यांसमोर धरायचे. "आज जरा ताठ बसलाय लेकाचा." "कॉलर वर राहिलीय, सांग त्याला." असं ते स्वतःच्या पाठीवर लक्ष ठेवून होते. पण हळूहळू बोलणं कमी झालं. नुसतं बघायचे आणि मोबाईल परत द्यायचे.

कारण माणसं यायची बंद झाली होती. एक म्हणजे एक माणूस येत नव्हता. फाटक वाजलं की पप्पांची मान वर व्हायची. दूधवाला, मीटर बघणारा, शेजारच्यांचा पत्ता विचारणारा. पुन्हा मान खाली. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची फाटकं वाजवली त्याचं फाटक वाजवायला कोणाला सवड नव्हती. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो. असा माझा स्वभाव आहे.

रविवारी मी किटली ठेवून हेडबाईंना गाठलं.

"हेडबाई, पप्पांकडे कोणीच येत नाही हो."

त्यांनी शांतपणे मोबाईल काढला, फोटो मोठा केला. "हे बघा. तिसरा बाक. जागा भरलेली आहे."

"तो प्लंबर आहे."

"प्लंबर आहे हे मला नका सांगू, मीच नेमलाय त्याला. पण भेट-गटाला नियम एकच. रिकामी जागा. एकाला सूट दिली तर उद्या जो तो घरी बसून भेटी मागेल."

"मग काही दिवस जागा रिकामी ठेवा."

"तीन दिवस ठेवावी लागेल," हेडबाई म्हणाल्या. "म्हणजे तीन फोटो फुकट. पन्नास वर्षांतून एकदा येणारी गोष्ट आहे ही. तुम्ही तरी समजून घ्यायला हवं."

पाळकसाहेब शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चहाची तारीफ केली.

पुढच्या आठवड्यात पप्पांना तपासणीला न्यायचं होतं. बाहेर कडाक्याची थंडी. कोट आणायला चर्चमध्ये गेले तर तो कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली हेडबाईंच्या पर्समध्ये. शेवटी पप्पा आमच्या ह्यांचं कारखान्याचं जाकीट घालून गेले. पाठीवर कारखान्याचं नाव, खिशाला यंत्राच्या तेलाचा डाग. डॉक्टर हसून म्हणाले, "काय आजोबा, कामावर रुजू झालात वाटतं?" पप्पाही हसले. परत येताना गाडीत खिशावरचा डाग बोटाने घासत होते. मग म्हणाले, "घड्याळ्या आला का गं बहिणीकडून?"

"आलेत. दिसतात चर्चमध्ये."

"हं. बरा आहे ना?"

"फोन लावून देऊ का?"

"काही नको. पाय माझा मोडलाय. यायचं त्याने." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पप्पांसारख्या माणसाचा आजार हाडाचा नसतो. हाड जुळत होतं. डॉक्टर म्हणाले वॉकर घेऊन चाला, तर हे म्हणायचे, चालून जायचं कुठे? जेवण अर्ध्यावर आलं. रात्रपाळी करून आलेला मुलगा समोर बसून पेंगायचा, त्याला म्हणायचे, जा बाबा झोप, माझ्यापायी जागू नकोस. मला काळजी वाटायला लागली की हा माणूस असाच खुर्चीत विझून जाईल, आणि फोटोत मात्र अढळ राहील.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. एके दुपारी घड्याळकाका आले. मोतीबिंदूनंतरचा नवा नंबर काढायचा होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, समोरचा अक्षरांचा तक्ता लावला.

"वाचा काका."

त्यांनी पहिलं मोठं अक्षर बरोबर वाचलं. पुढच्या ओळीपासून मनाचं वाचायला लागले, अगदी ठासून. मग एकदम म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला काय झालंय?"

"काय झालंय म्हणजे?"

"शेजारी बसतो, बोलत नाही. मी विचारतो, कसा आहेस, तर नुसती मान हलवतो. पडला होता म्हणे. पडला तर माझ्यावर कसला राग? मी ढकललं होतं का? हल्ली खोकत नाही, तरी सवयीने रोज गोळी देतो, ती घेतो. तेवढी बरी घेतो! आणि प्रार्थना संपली की तोंड चुकवून पळतो. या वयात पळतो!"

मी हातातली काच खाली ठेवली. "काका, ते पप्पा नाहीत. तो प्लंबर आहे. पप्पांचा कोट घालून बसतो, फोटोसाठी. पप्पा घरी आहेत. तुमची वाट बघताहेत."

घड्याळकाका खुर्चीत ताठ झाले. "मला आंधळा समजतेस?"

"तसं नाही काका..."

"चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी बसलो तो मला ओळखू येत नाही? त्याने पाठवलंय का तुला हे सांगायला? भेटायचं नसेल तर नाही म्हण म्हणावं, असल्या गोष्टी रचू नको. रोज शेजारी बसतो त्याच्या घरी जाऊन काय करू मी?"

आणि टोपी समजून माझा काच पुसायचा रुमाल डोक्यावर ठेवून ते बाहेर पडले. मी धावत जाऊन टोपी दिली. ती त्यांनी घेतली, पण माझ्याकडे न बघता.

घरी येऊन मी सगळं पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "गोळी देतो? अजून?"

"रोज देतात."

"उद्या सकाळी मला ने."

आमचे हे रात्रपाळीवरून आले ते तसेच बूट न काढता आमच्याबरोबर निघाले. चर्चच्या पायऱ्यांवरून आम्ही दोघांनी पप्पांना उचलून आत घेतलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्यांच्याकडे बघून इतकं बरं क्वचितच वाटलं असेल. पप्पांनी वॉकर टेकला. अंगात तेच कारखान्याचं जाकीट. प्रार्थना शेवटाकडे आलेली, एक्सरेकाका कॅमेऱ्यामागे वाकलेले. आणि समोर तिसऱ्या बाकाच्या टोकाला पप्पांचा कोट, जरासा कललेला.

पप्पा क्षणभर बघत राहिले. स्वतःची पाठ कोणी अशी समोर बसलेली बघितली आहे का?

हेडबाई चवड्यांवर चालत आल्या. "काका! आलात! किती छान!" त्या कुजबुजल्या. "या, या, इकडे खांबामागे बसा. फोटो होईपर्यंतच."

"माझी जागा तिकडे आहे," पप्पा म्हणाले.

"जागेवर तुम्ही आहातच ना. आता दोन-दोन कसे दिसाल?"

"वॉकर फोटोत येतोय," मागून एक्सरेकाका कळवळून म्हणाले. "जरा बाजूला घ्या हो."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि चर्चमध्ये बोलण्यासारखं तर नव्हतंच. पण माझ्या आधी पप्पांना खोकला आला. तोच, प्रार्थनेतला.

घड्याळकाकांचा हात सवयीने खिशात गेला. मान न वळवता त्यांनी गोळी काढली आणि शेजारी धरली. प्लंबरचा तळहातही सवयीने उघडला. इतक्यात खोकला पुन्हा आला, आणि तो कोटातून आला नाही. मागून, वाटेतून आला. घड्याळकाकांचा हात जागच्या जागी थांबला.

त्यांनी आधी कोटाकडे मान वळवली. नाक लागेल इतकं जवळून बघितलं. प्लंबर बिचारा लालेलाल. मग त्यांनी मागे वळून वाटेत उभ्या असलेल्या जाकिटाकडे बघितलं. दिसलं किती असेल देव जाणे. पण पप्पा तिसऱ्यांदा खोकले.

"श्वास घ्या," एक्सरेकाकांच्या तोंडून वेळ झाली म्हणून निघून गेलं. "रोखा."

सगळ्यांनी श्वास रोखला. त्या शांततेत घड्याळकाका उभे राहिले, आणि प्लंबरच्या डोक्यावरून हात लांब करून गोळी पप्पांच्या दिशेने धरली. प्लंबरचा तळहात अजून उघडाच होता. त्यावर त्यांनी दुसऱ्या हाताने एक चापट मारली.

"कुठे होतास रे इतके दिवस?" ते पप्पांना म्हणाले.

"घरी. पाय मोडून. तू कुठे होतास?"

"मी इथेच होतो. रोज. तुझ्याच शेजारी."

"हलू नका," एक्सरेकाका क्षीण आवाजात म्हणाले, आणि बटण दाबलं गेलं. हललं नव्हतं असं कोणी उरलंच नव्हतं. सगळी मंडळी मागे वळलेली, वर्षभरात पहिल्यांदाच चेहरे आलेले, बेकरीवाल्या ताई तर पदराने नाक पुसताना आल्या.

"दुसरा काढा," हेडबाई म्हणाल्या.

"दोनदा नाही," एक्सरेकाका म्हणाले. हेडबाईंना नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. पाळकसाहेबांनी घाईघाईने आमेन म्हणून टाकलं.

प्लंबरने तिथेच कोट उतरवला आणि पप्पांच्या खांद्यावर घातला. "काका, पहिल्याच दिवशी सांगणार होतो मी त्यांना," तो म्हणाला. "पण तेवढ्यात हलू नका म्हणाले. आणि मग चार दिवस गोळ्या घेतल्यावर कोणत्या तोंडाने सांगायचं?"

त्या दिवशीचा फोटो ग्रुपवर पडला. त्याला नेहमीपेक्षा जास्त अंगठे आले. कोणीतरी लिहिलं, "वाटेत उभे असलेले जाकीटवाले कोण? नवीन सभासदाचं हार्दिक स्वागत!" हेडबाईंनी मात्र कुठे कमी पडायचं नाही म्हणून भेट-गटाचा नियम सुधारला. आता जागा रिकामी असली तरी जातात आणि भरलेली असली तरी जातात. लोक दाराला आतून कडी लावून बसतात.

घड्याळकाका त्याच संध्याकाळी आमच्याकडे आले. फाटक वाजलं, आणि मी दार उघडायच्या आत पप्पा वॉकर घेऊन उठले होते. दोघं समोरासमोर बसले. पप्पांनी उगाच कोटाच्या खिशात हात घातला, आणि हात भरून बाहेर काढला. गोळ्या. कागदात गुंडाळलेल्या, काही दबलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्या खिशातही तेच. प्लंबरला खोकला नव्हता. त्याने एकही खाल्ली नव्हती.

पप्पांनी त्या सगळ्या टेबलावर मांडल्या. टपाल लावताना मांडायचे तशा, ओळीने.

"सगळं तुझंच टपाल आहे," घड्याळकाका म्हणाले. "पोचलं नाही होय?"

"पत्ता चुकला होता."

"मी तर तुझाच घातला होता."

"माझ्या कोटाचा घातला होतास," पप्पा म्हणाले.

घड्याळकाकांनी मान खाली घातली. पप्पांनी त्यातली एक गोळी उचलली. कागद निघेना, अर्धा चिकटून बसला होता. तशीच तोंडात टाकली आणि चघळत राहिले.